वाघोबा बाहेर येत नाहीत

वाघमासा घरी आल्यावर बरोबर चाळीस सेकंद दिसला. पिशवीतून टाकीत उतरला, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं, काचेला नाक लावून बसलेल्या काटाकाकांकडे बघितलं, आणि जो मागच्या कोपऱ्यातल्या दगडाआड गेला तो गेलाच. त्यानंतरच्या अकरा दिवसांत काकांना त्याच्या शेपटीच्या टोकाखेरीज काही दिसलं नाही. आणि ते तरी शेपटीचं टोक की दगडावरचं शेवाळ, याबद्दल घरात एकमत नव्हतं.

काटाकाका हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते वजनमापे निरीक्षक होते. चौतीस वर्षं दुकानोदुकानी जाऊन त्यांनी तराजूचे काटे तपासले, झिजलेली वजनं जप्त केली, लिटरच्या मापाला आतून पोचा आहे का ते बोट फिरवून पाहिलं. इमारतीतल्या पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं, मोठ्यांनी ते उचललं, आणि काकांनी तो बहुमान समजून स्वीकारला. दोन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा कार्यालयाने त्यांना दोन वस्तू भेट दिल्या. एक म्हणजे काचेच्या चौकटीतलं मानपत्र. त्यात 'आपल्या तीक्ष्ण नजरेतून काहीही सुटले नाही' असं एक वाक्य होतं, आणि ते काकांना पाठ होतं. दुसरी वस्तू म्हणजे माशांची भलीमोठी टाकी. निवृत्त माणसाला बघायला काहीतरी हवं, असा त्यामागे विचार असावा. काकांनी हॉलच्या एका भिंतीवर मानपत्र लावलं आणि बरोबर समोरच्या भिंतीशी टाकी ठेवली.

झालरीच्या शेपट्यांचे रंगीत मासे त्यांना पसंत पडेनात. "हे मासे आहेत की रुमाल?" असं त्यांनी दुकानात विचारलं. त्यांना करारी मासा हवा होता. तेव्हा मासेवाल्याने आतल्या टाकीतला वाघमासा दाखवला. वीतभर लांब, सोनेरी अंगावर उभे काळे पट्टे, आणि तोंड मिटलेलं असलं तर साधंच, पण उघडलं की अर्धा मासा म्हणजे तोंडच. लहान मासे गिळून जगणारा अस्सल शिकारी. काकांनी तिथल्या तिथे त्याचा फोटो काढला आणि घरी पोचेपर्यंत जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, "हिंस्र आहे बरं का! संध्याकाळी बघायला या."

संध्याकाळी लोक आले. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनी टाकी बघितली, पाणी बघितलं, पाण्यातले बुडबुडे बघितले. शेवटी तळमजल्यावरच्या गाण्याच्या बाई, ज्यांना कुणाचं मन मोडवत नाही, म्हणाल्या, "दगड मात्र फार सुंदर आणलेत हो." एका चिमुरडीने विचारलं, "काका, वाघ आपल्याला घाबरला का?" यावर सगळे जे हसले ते काकांना पुढे कित्येक दिवस ऐकू येत होतं.

"दमले असतील वाघोबा," काकू कप गोळा करत म्हणाल्या. "उद्या येतील बाहेर."

वाघोबा उद्या आले नाहीत, परवाही आले नाहीत. काकांनी मग रीतसर कारवाई सुरू केली. एक वही केली, तिच्यात रकाने आखले आणि दर पंधरा मिनिटांनी टाकीची तपासणी करून नोंद ठेवायला लागले. सव्वादहा, दिसला नाही. साडेदहा, दिसला नाही. पावणेअकरा, शेपूट, बहुधा. मध्येच ते बॅटरी घेऊन दगडामागे झोत मारत, मध्येच अचानक सोफ्याआडून डोकं वर काढत, कारण बेसावध क्षणी गाठलेला दुकानदार खरं बोलतो असा त्यांचा अनुभव होता.

"अहो, त्याला जरा राहू द्या ना," काकू म्हणाल्या.

"राहू द्या? चौतीस वर्षांत माझ्यापासून कुणाला काही लपवता आलं नाही. आणि हा वीतभर मासा माझ्याच घरात, मीच आणलेल्या दगडामागे लपतो!"

या बोलण्यातच काकांना उपाय सापडला. लपायला जागा आहे म्हणून लपतो. जागाच काढून घेतली की लपेल कुठे? तरीही जाणकाराचा सल्ला घ्यावा म्हणून ते मासेवाल्याकडे गेले. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सात वर्षांपूर्वी काकांनी या मासेवाल्याचा खाद्य तोलायचा तराजू अर्ध्या ग्रॅमच्या फरकासाठी सील केला होता. तेव्हापासून काका दुकानात शिरले की त्याची जीभ दोनच शब्द बोलायची.

"मी सगळे दगड काढून टाकणार आहे," काका म्हणाले.

"बरोबर, साहेब," मासेवाला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर उलट मत अगदी काठापर्यंत आलं होतं, पण ते बाहेर सांडलं नाही.

"आणि वरचा दिवा मोठा लावणार. लख्ख उजेड."

"बरोबर, साहेब."

तज्ज्ञाने एवढी संमती दिल्यावर काका कशाला थांबतात! त्यांनी दगड काढले, वाळू काढली, जुना दिवा काढून ऑपरेशन थिएटरला शोभेल असा दिवा लावला. परिणाम तत्काळ झाला. मासा आधी फिकट पडला, मग करडा, आणि दुपारपर्यंत नखशिखांत कोळशासारखा काळा झाला. पट्टे बिट्टे सगळे गेले. पाणी गाळायच्या यंत्राची बोटाएवढी नळी होती, तिच्यामागे तो डोकं खाली करून उभा राहिला. नळी बोटाएवढी, मासा मनगटाएवढा. पण आपण कुणाला दिसत नाही अशी त्याची पक्की समजूत होती. टाकलेलं खाद्य त्याने हुंगलंसुद्धा नाही. काकांनी वहीत लिहिलं, 'दिसला.' दिसत तर होता, पण हे बघायला त्यांनी मासा आणला नव्हता. त्यांना वाईट वाटलं.

नोटीस आली ती त्याच आठवड्यात. इमारतीचे सेक्रेटरी हे भूमापन खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले गृहस्थ. एक रेघ इकडची तिकडे झाली तर त्यांना जेवण जात नसे. 'आपण आपल्या सदनिकेत हिंस्र प्राणी ठेवल्याचे आपल्याच तोंडून जिन्यात ऐकिवात आले आहे,' अशी नोटिशीची सुरुवात होती. पुढे नियम होता, नियमाचा पोटनियम होता, आणि कमिटी रविवारी पाच वाजता पाहणीला येईल, प्राणी धोकादायक नसल्याची खात्री न पटल्यास टाकी आठ दिवसांत इमारतीबाहेर न्यावी, असा शेवट होता. सोबत फॉर्म. फॉर्मला प्राण्याचा फोटो चिकटवायचा होता. काकांनी दुकानात काढलेला तो सोनेरी, पट्टेदार फोटो चिकटवला. नोटिशीचा त्यांना राग आला नाही. उलट इतका निर्दोष मसुदा बघून त्यांच्या मनात सेक्रेटरींविषयी आदर निर्माण झाला. आदर ओसरला तो रविवारी.

सेक्रेटरी, समोरच्या सदनिकेतले दातांचे डॉक्टर आणि गाण्याच्या बाई, अशी तिघांची कमिटी टाकीसमोर उभी राहिली. सेक्रेटरींनी फोटो बघितला, मासा बघितला, पुन्हा फोटो बघितला.

"फोटोत पट्टे आहेत."

"हो."

"याला नाहीत."

"घाबरलाय तो. घाबरला की काळा पडतो."

"काका, तुमच्यासारख्या माणसाला मी काय सांगायचं? फोटोतला प्राणी एक आणि हजर केलेला दुसरा. तुम्ही तरी सही केली असतीत का?"

काकांनी फॉर्म हातात घेऊन फोटो पुन्हा निरखला. त्यांनी केली नसती. शिक्क्यातलं एक अक्षर पुसट होतं म्हणून त्यांनी आख्खं वजन नामंजूर केलेलं होतं.

"पुढच्या रविवारी पुन्हा येतो," सेक्रेटरी म्हणाले. "शेवटची संधी. पट्ट्यांसह हजर करा."

दातांचे डॉक्टर मागे रेंगाळले. "काका, हा माझा रोजचा विषय आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस पळून जायच्या बेतात असतो. उपाय काय? माझा मेव्हणा. तो रोज संध्याकाळी माझ्या बाहेरच्या खोलीत मासिक वाचत बसतो. दाताचं काही नाही, नुसता निवांत बसतो, मधून मधून हसतो. त्याला बघून बाकीच्यांना वाटतं, अरे, इथे काही भयंकर घडत नाही. तुमच्या माशाला एक मेव्हणा आणा."

हे काकांना पटलं. सोमवारी सकाळी ते मासेवाल्याकडे हजर.

"बारा लहान मासे द्या. अगदी लहान, बोटाच्या पेरभर. मोठ्यांना बघून आमचा आणखी घाबरायचा."

मासेवाल्याने एकदा बारक्या माशांकडे बघितलं, एकदा वर बघितलं आणि म्हणाला, "बरोबर, साहेब."

मंगळवारी सकाळी वहीत नोंद झाली: मेव्हणे, नऊ. बुधवारी सकाळी: सात. दुपारी मोजदाद करताना काकांच्या देखतच एक पाण्यातून नाहीसा झाला. नळीमागून काहीतरी काळं सुटलं, चुळूक असा आवाज झाला आणि ते काळं परत नळीमागे होतं. काका हादरले.

"म्हणजे जेवतोय तरी," काकू म्हणाल्या. "मला मेलीला त्याचीच काळजी लागली होती."

काकांचा मात्र पारा चढला. पाणी कुठे मुरतंय ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. ते तडक दुकानात गेले. गल्ल्यावर कुणी नव्हतं. पण चौतीस वर्षांची नजर ती. खाद्याच्या पोत्यांच्या थप्पीमागे एक चप्पल दिसत होती, आणि चप्पल रिकामी नव्हती.

"बाहेर या," काका म्हणाले.

मासेवाला बाहेर आला. अंगावर कोंडा, डोळ्यांत पाणी येईल की काय अशी अवस्था.

"तुम्हाला ठाऊक होतं ना, तो त्यांना खाणार म्हणून?"

"बरो... हो, साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"साहेब, तुमच्यापुढे काय बोलणार? तुम्ही येताना लांबून दिसलात की मी पोत्यांमागे जातो. आज नाही, सात वर्षं जातोय. बायको सांगते, दुकानात नाहीत म्हणून."

"पण तुमचा तराजू आता बरोबर आहे. गेल्या वर्षी मीच पास केला."

"तराजू बरोबर असतो हो," मासेवाला म्हणाला. "पण तुम्ही बघता ना."

काका पोत्यावर बसले. त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक दुकान सरकत गेलं. प्रत्येक दुकानात ते शिरताच मागचा पडदा हललेला त्यांना आठवला. पडदे वाऱ्याने हलतात असं त्यांनी धरून ठेवलं होतं. चौतीस वर्षांत एका दुकानात वारा असेल, दोन दुकानांत असेल, पण सगळ्याच दुकानांत नेमका त्याच वेळी वारा कसा असेल, हे त्यांच्या तीक्ष्ण नजरेतून सुटलं होतं.

"आता मी तुमच्याकडे बघत नाही," ते शेवटी म्हणाले आणि खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसले. "बोला. माझं काय काय चुकलं?"

आणि मासेवाला बोलायला लागला. सात वर्षांचं साठलेलं होतं, त्यामुळे थांबेना. "साहेब, पहिल्यापासून उलटं केलंत. लपायला जागा काढून घेतलीत की मासा घाबरतो. जागा दिलीत की बाहेर येतो. पळता येईल एवढं त्याला कळलं ना, की मग पळायची गरजच राहत नाही. झाडाची मुळं टाका, दगडांच्या कपारी करा, पाण्यात झुडपं सोडा, इकडून तिकडे आडोशाआडोशाने जाता आलं पाहिजे. तो दिवा काढा, देवमाणसा... माफ करा, साहेब. सोबतीचे मासे त्याच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे हवेत. ते वर बिनधास्त फिरले की खालच्याला कळतं, धोका नाही."

"आणि?"

"आणखी एक आहे, पण..."

"मी भिंतीकडे बघतोय."

"तुम्ही त्याच्याकडे बघू नका, साहेब. त्याला वाटतं त्याला खायला कुणीतरी आलंय. तोही शिकारीच आहे. टक लावून बघण्याचा अर्थ त्याला चांगला कळतो."

काका घरी आले ते निर्धार करूनच. एखाद्या कामाला हात घातला की ते अर्धवट सोडत नसत, मग ते काम न बघण्याचं का असेना. त्यांनी मुळं लावली, कपारी रचल्या, झुडपं सोडली, मंद दिवा लावला. तळहाताएवढे सहा रुपेरी मासे वरच्या पाण्यात सोडले. वहीला दोरी बांधून ती माळ्यावर टाकली. आणि त्या क्षणापासून टाकीकडे बघणं बंद.

हॉलमधून जाताना ते चेहऱ्याला वर्तमानपत्र आडवं धरून जात. दोनदा दारावर आपटले, एकदा दूधवाल्यावर. जेवताना टाकी डाव्या हाताला यायची म्हणून त्यांनी जागा बदलली, तर ती उजव्या हाताला आली. शेवटी ते स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून जेवले. बघण्यातच आयुष्य गेलेल्या माणसाला न बघणं किती जड जातं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मान आपोआप वळायची आणि काका ती हाताने धरून सरळ करायचे.

शुक्रवारी हॉलमधून काकूंचा आवाज आला, "अगं बाई! किती देखणे आहात!" काका ओट्याला घट्ट धरून उभे राहिले. थोड्या वेळाने काकू आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा नव्या सुनेचं तोंड पाहिलेल्या सासूसारखा झाला होता.

"पट्टे आले?" काकांनी विचारलं.

"सगळे. मी भाजी निवडत होते, तर अगदी समोर येऊन उभा."

शनिवारी दातांच्या डॉक्टरांनी बघितला. त्यांच्या त्या मेव्हण्याने बघितला. दूधवाल्याने बघितला आणि खाली जाऊन चार जणांना सांगितलं. सगळ्या इमारतीने वाघोबांचं दर्शन घेतलं. राहिले ते एकटे काका, ज्यांनी त्याला आणलं होतं. पण त्यांनी मान वळवली नाही, आणि याबद्दल त्यांना मानपत्र मिळायला हरकत नव्हती.

रविवारी पाच वाजता कमिटी आली. काका स्वयंपाकघरात जायला निघाले, तर सेक्रेटरींनी फॉर्मवर बोट ठेवलं. "कलम चार. पाहणीच्या वेळी अर्जदार प्राण्यासमवेत उपस्थित असला पाहिजे."

"मी असलो तर तो येणार नाही."

"तुम्ही नसलात तर पाहणी होणार नाही."

कलम बिनतोड होतं. काकांनी एक खुर्ची ओढली, टाकीच्या पुढ्यात ठेवली आणि टाकीकडे पाठ करून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले. कमिटी सोफ्यावर बसली. "तुम्ही टक लावू नका," काका भिंतीला म्हणाले. "चहा घ्या. गप्पा मारा. काही झालंच नाही असं वागा."

काकूंनी चहा आणला. गाण्याच्या बाईंनी गच्चीतल्या गळक्या पाण्याच्या टाकीचा विषय काढला, डॉक्टरांनी प्लंबरचा काढला, आणि सेक्रेटरींनी पाइपांच्या नकाशातली चूक सांगायला सुरुवात केली. दहा मिनिटं गेली. मग सेक्रेटरी बोलता बोलता थांबले. बशीवर कप टेकल्याचा आवाज आला.

"आला," गाण्याच्या बाई कुजबुजल्या.

काकांनी गुडघ्यावरचे हात घट्ट आवळले. पेनाची करकर ऐकू आली. एक, दोन, तीन सह्या झाल्या. "पट्टे मोजून नऊ," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "फोटोतही नऊ. धोकादायक वाटत नाही. उलट... असो. अर्जदाराची सही." फॉर्म बाजूने काकांच्या मांडीवर आला. काकांनी वाचलं: 'वरील प्राणी आज पाहणीच्या वेळी मी स्वतः प्रत्यक्ष पाहिला असून तो माझाच आहे.'

"मला ही सही करता येणार नाही," काका म्हणाले.

"का?"

"आज मी पाहिलेला नाही. पट्ट्यांसह तर नाहीच. न पाहिलेल्या गोष्टीवर मी आजवर सही केलेली नाही."

"मग वळून बघा."

"वळलो की जाईल तो."

"अहो, करून टाका हो सही," गाण्याच्या बाई कळवळून म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी पाहिलाय ना!"

"सहीशिवाय फॉर्म अपूर्ण," सेक्रेटरी म्हणाले, पण म्हणताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

काका पेन धरून बसून राहिले. वळावं तर मासा जाणार, न वळावं तर टाकी जाणार, आणि खोटी सही करावी तर काटाकाका जाणार. काहीच सुचेना तेव्हा त्यांनी मान वर केली. समोर मानपत्र होतं. संध्याकाळचा उजेड टाकीवर तिरपा पडला होता आणि मानपत्राच्या काचेत आख्खी टाकी उतरली होती. वर रुपेरी मासे सावकाश फिरत होते. खाली, 'आपल्या तीक्ष्ण नजरेतून' या अक्षरांवरून, सोनेरी अंगावरचे काळे पट्टे सरकत आले आणि थांबले. एवढा सुंदर मासा आपण आणलाय, हे काकांना आज प्रथमच कळलं. त्यांचे डोळे भरून आले, त्यामुळे पट्टे मोजता आले नाहीत. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी न मोजता सही केली.

"अहो," काकू मागून अगदी हळू म्हणाल्या, "काचेला नाक लावून उभा आहे. तुमच्याकडेच बघतोय."

काकांना मानेवर ती नजर जाणवली. ते वळले नाहीत. त्यांनी फक्त सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि पाठ ताठ करून बसले.